नॉर्थ डकोटापुरती दोन पानं

आर्डिस हॉगस्टाडला कुणी काही देऊ केलं की ती आधी नको म्हणायची. यात तिचं एकटीचं काही विशेष नाही, स्केलव्हिक गावात सगळेच तसे. कॉफी घेणार का? नको. घ्या की हो. नको नको, उगीच कशाला. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप द्या, आणि मग काठोकाठ भरलेला कप मुकाट्याने घेतो. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरा, आणि दोनदा विचारून थांबणारा कंजूष. हे कुणी बसवून शिकवत नाही. लूथरन चर्चच्या तळघरात कॉफीच्या मोठ्या पिंपाशेजारी उभं राहून मोठ्यांचं बघत बघत ते अंगात मुरतं.

विचारणारा इथलाच असला तर यात कुणाचं काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो विचारणारा बाहेरचा असला की.

आर्डिसच्या बाबतीत पहिला घोटाळा शाळेत झाला. मिस पेलेग्रिनो म्हणून रसायनशास्त्राच्या बाई होत्या, न्यू जर्सीच्या. त्या इतक्या लांब, या वाऱ्यात कशाला येऊन पडल्या होत्या ते देव जाणे. शेवटच्या वर्षी त्यांनी आर्डिसला थांबवून घेतलं आणि विचारलं, "मूरहेडच्या कॉलेजात नर्सिंगला एक जागा आहे, फी माफ. तुझं नाव देऊ का?" आर्डिसला नर्स व्हायचं होतं. आजोबा आजारी होते तेव्हा घरी येणारी नर्स तिने पाहिली होती, आणि तेव्हापासून दुसरं काही तिच्या मनात आलं नव्हतं. ती म्हणाली, "नको बाई. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल." आणि पुढच्या विचारण्याची वाट बघत उभी राहिली. मिस पेलेग्रिनो म्हणाल्या, "मनाची मोठी आहेस," आणि जागा कॉनी ऑप्सालला दिली.

आर्डिस घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली. कॉनी पुढे फार्गोला मोठ्या हॉस्पिटलात नर्स झाली. दर नाताळात ती सगळ्यांना एकच छापील पत्र पाठवते, त्यात तिच्या गुडघ्यांपासून नातवंडांपर्यंत सगळं असतं. आर्डिस ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते.

लग्नाच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला नाही, कारण व्हर्लिन हॉगस्टाड शेजारच्याच शेतावरचा. त्याने पहिल्यांदा विचारलं ते जिल्ह्याच्या जत्रेत, डुकरांच्या गोठ्यापाशी. दुसऱ्यांदा बीट भरलेल्या ट्रकमध्ये. तिसऱ्यांदा पुढच्या वर्षी, तिच्या घराच्या अंगणात. तेव्हा आर्डिस म्हणाली, "बरं, तुझी काही अडचण नसेल तर." या गावात याहून जास्त प्रेमाचं बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

मोटेल आर्डिसच्या बापाने, सेल्मरने बांधलेलं. महामार्गाच्या कडेला लांबलचक, बैठं, एका ओळीत खोल्या. बाप गेल्यावर आर्डिस आणि व्हर्लिन चालवायला लागले. नर्सिंग राहिलं ते राहिलंच, पण आजारी गिऱ्हाइकाला सूप नेऊन देताना आर्डिस कपाळाला हात लावून ताप बघायची. पुढे जमाना फोनवरून खोली घेणाऱ्यांचा आला. लोक ओळखीची पाटी बघून थांबायला लागले आणि सेल्मरची पाटी सेल्मरच्या ओळखीच्यांनाच माहीत होती. तेव्हा त्यांनी ठरवलं की एखाद्या कंपनीची फ्रँचायझी घ्यावी. म्हणजे इमारत आपली, कष्ट आपले, नाव कंपनीचं.

कंपनीचं नाव हार्बर लॅम्प. पाटीवर दीपस्तंभ. समुद्र इथून कुठल्याही दिशेला निघालात तरी एका दिवसात दिसत नाही, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पाटी उजेडाची होती, तेवढं पुरे.

करार घेऊन अटलांटाहून केंड्रिक टार्पली नावाचा तरुण आला. चांगला मुलगा, बूट मात्र आमच्या बर्फाच्या कामाचे नव्हते. नाश्त्याच्या खोलीत बसला. आर्डिसने रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट पुढे करून विचारलं, "घेणार का एखादी?"

"हो, थँक यू मॅडम," असं म्हणून त्याने दोन घेतल्या. पहिल्या विचारण्याला. व्हर्लिनने ताटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. ही बातमी संध्याकाळपर्यंत धान्याच्या कोठारापर्यंत, म्हणजे गावच्या गप्पांच्या अड्ड्यापर्यंत, पोचली होती.

करार म्हणजे जाडजूड पुस्तकच होतं. त्याच्या शेवटी वेगवेगळ्या राज्यांच्या पुरवण्या जोडल्या होत्या. त्या कशाच्या, तर ज्या राज्याच्या सरकारने कंपनीचा कान धरून सांगितलं की तुमचं अमुक कलम आमच्या लोकांवर चालवायचं नाही, त्या राज्यापुरतं ते कलम मागे दुरुस्त केलेलं असतं. पुढे जे घ्यायचं ते घेतात आणि मागे गुपचूप परत देतात. कॅलिफोर्नियाची पुरवणी लांबच्या लांब. नॉर्थ डकोटाची दोन पानं.

"मॅडम, ही तुमच्या राज्याची," केंड्रिक म्हणाला. "मुख्य करारात असं आहे, की आमची पाटी सोडली तर दोन वर्षं या इमारतीत हॉटेल चालवायचं नाही. तुमच्या राज्यात ते लागू नाही, असं इथे लिहिलंय. भांडण झालं तर अटलांटाला न येता इथेच मिटवायचं, तेही आहे. यावर वेगळी सही लागते. हवी का तुम्हाला?"

खरं तर हे विचारायचंच नव्हतं. पान पुढे सरकवायचं आणि सही घ्यायची, एवढंच काम होतं. पण पोरगा नवा, नको तितका सभ्य, आणि त्याला दुपारचं विमान गाठायचं होतं. आर्डिसने ती दोन पानं पाहिली. तिला ती हवी होती. दोन वर्षं दार बंद म्हणजे काय ते तिला न सांगता कळत होतं. आमच्याकडे दोन हिवाळे गरम न केलेली इमारत उरत नाही. आधी नळ फुटतात, मग भिंती.

"नको, नको," आर्डिस म्हणाली. "आमच्यासाठी वेगळं काही कशाला."

आणि ती कॉफीचं भांडं हातात धरून उभी राहिली.

"ठीक आहे, मॅडम," केंड्रिक म्हणाला. त्याने पानाच्या कोपऱ्यात 'नाकारली' असं लिहिलं आणि पुस्तक मिटलं.

तो गेल्यावर व्हर्लिन म्हणाला, "ते पान हवं होतं आपल्याला."

"मला वाटलं, तो परत विचारेल."

"मलाही तसंच वाटलं."

मग त्याला फोन करून सांगायचं नाही का, असं तुम्ही म्हणाल. नाही. नको म्हटलेली गोष्ट मागून मागायची म्हणजे पहिल्या फटक्यात हो म्हणण्यापेक्षाही वाईट. दोघांनी तो विषय तिथेच मिटवला आणि वर्षानुवर्षं मनात मात्र घोळवला.

पाटीने धंदा वाढला, ते खोटं कशाला सांगू. पण पाटीबरोबर कंपनीचा तपासनीसही आला. ऑक्टोबरात तितरांच्या शिकारीला येणाऱ्यांबरोबर कुत्री असतात, आणि कुत्री काही गाडीत बसून नाश्ता करत नाहीत. कंपनीने लिहिलं, नाश्त्याच्या खोलीत प्राणी नकोत. हिवाळ्यात वादळ आलं की सरकार फाटकं लावून महामार्ग बंद करतं, आणि जो जिथे असेल तो तिथेच अडकतो. अशा वेळी आर्डिस खोल्या भरल्या की पुढच्या हॉलमध्ये गाद्या टाकायची, आणि भट्टीत नूडल्स-खिम्याची हॉटडिश लावायची, मोठ्या पातेल्यात, सगळ्यांना पुरेल अशी. एकदा तर एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड आणि टर्की कोंबड्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर एकाच हॉलमध्ये झोपले, आणि नवरीने ड्रायव्हरला केक दिला. कंपनीने लिहिलं, हॉल झोपण्यासाठी नाही. हॉटडिश मंजूर नाश्त्यात बसत नाही. आर्डिसने उत्तरात मनापासून माफी मागितली आणि पुढच्या वादळात पुन्हा गाद्या टाकल्या.

शेवटी करार संपत आला तेव्हा कंपनीचं पत्र आलं. नव्या करारात दारावर कुलूपयंत्र येणार होतं. कार्ड नाही त्याला दार उघडणार नाही, वादळ असो की काही असो. आर्डिसने पत्र व्हर्लिनला दिलं. व्हर्लिनने वाचलं आणि म्हणाला, "हे काही बरं नाही." त्याच्या तोंडून हे म्हणजे शिवी.

त्यांनी कळवलं, आम्ही पाटी उतरवतो. कंपनीने कळवलं, खुशाल उतरवा. पण मग दोन वर्षं दाराला टाळं. राज्याची पुरवणी तुम्हाला देऊ केली होती, तुम्ही नाकारलीत. त्यांचा डाव उघड होता. पलीकडच्या वळणावर ट्रकवाल्यांचा नवा पंप झाला होता, आणि तिथे त्यांना नवं हार्बर लॅम्प घालायचं होतं.

तेव्हापासून आर्डिस खोल्या आवरायची, चादरी घड्या करायची आणि मध्येच एखाद्या नळाला हात लावून उभी राहायची. बापाने स्वतः बसवलेले नळ होते ते.

ओरिन बाइट्झ गावातला वकील, एरवी शेतकऱ्यांची मृत्युपत्रं करणारा, आर्डिसच्या वर्गातला. तो म्हणाला, "कायदा आपल्या बाजूचा आहे असं मला वाटतंय. पण सही नसल्यामुळे ते वाटणं अटलांटाला जाऊन सिद्ध करत बसावं लागेल. तोवर तुझं मोटेल थंडीत पडून राहील." मग म्हणाला, "भांडणाआधी एकदा मध्यस्थापुढे बसायचं, असं करारात आहे. तिथे तुला विचारतील, नाकारलीस का. आठवत नाही म्हण."

"मला आठवतंय की," आर्डिस म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे. म्हणून तर सांगतोय."

मध्यस्थ म्हणून लावॉन डॉक्टर आल्या, डॉक्टर हे नुसतं आडनाव. आमच्याच राज्यातल्या जेम्सटाउनच्या निवृत्त न्यायाधीश, बुटक्या, कपाळावर चष्मा. टार्पली अटलांटाहून आला. आता तो कंपनीत बराच वर चढला होता, केस पिकले होते आणि बूट सुधारले होते. बैठक नाश्त्याच्याच खोलीत. आर्डिसने वड्यांचं ताट ठेवलं, पण देवाण-घेवाण काही झाली नाही, कारण कुणालाच भूक नव्हती.

"पुरवणी तुम्ही देऊ केली होती?" लावॉनबाईंनी विचारलं.

"हो मॅडम. यांनी नाकारली. कोपऱ्यात मी तेव्हाच लिहून ठेवलंय."

"आर्डिस, तू नको म्हणालीस?"

ओरिनने डोळे मिटले.

"म्हणाले," आर्डिस म्हणाली.

का म्हणालीस, असं लावॉनबाईंनी विचारलं नाही. त्या जेम्सटाउनच्या. त्या टार्पलीकडे वळल्या. "तुम्ही किती वेळा विचारलंत?"

"म्हणजे?"

"किती वेळा विचारलंत, एवढंच सांगा."

"एकदा. एकदाच विचारतात ना?"

लावॉनबाईंनी पेन खाली ठेवलं. ओरिनने डोळे उघडले. भिंतीशी उभा असलेला व्हर्लिन म्हणाला, "हं."

"हे बघा, टार्पली," लावॉनबाई म्हणाल्या, "माझ्या कोर्टात तुम्ही असं सांगितलं असतंत, तर मी लिहिलं असतं की पुरवणी देऊ केलीच नव्हती."

"मॅडम, माणूस नको म्हणाला की आम्ही त्याचा मान ठेवून थांबतो. आग्रह करणं आम्हाला उद्धटपणा वाटतो."

"इथे थांबणं उद्धटपणा असतो."

"तुम्ही वड्या पहिल्या विचारण्याला घेतल्या होत्या," व्हर्लिन भिंतीपाशी उभ्याउभ्याच म्हणाला. "दोन."

टार्पली लाल झाला. "त्या छान होत्या," तो म्हणाला.

"तुमच्या कंपनीचे कागद दर वर्षी मंजुरीला राजधानीत, बिस्मार्कला येतात," लावॉनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "मंजुरी देणाऱ्या बाईंची आई नेपोलियन गावची, माझ्या मावशीच्या शेजारची. आमच्या राज्याचं पान तुम्ही लोकांना हवं का म्हणून विचारता, आणि तेही एकदा विचारता, हे त्यांना मी सांगायचं की तुम्ही सांगणार, तेवढं ठरवा."

टार्पली फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून तो दिसत होता, वाऱ्याकडे पाठ करून, एक कान हाताने झाकून. बराच वेळ बोलला. आर्डिस मांडीवर हात ठेवून बसली होती. आतल्या आत ती हात जोडत होती, आणि देवाकडे मागायचीही तिला लाज वाटत होती. व्हर्लिनने एक वडी उचलली आणि परत ठेवली.

लावॉनबाई उठून दाराशी गेल्या आणि आत येणाऱ्या टार्पलीला तिथेच अडवून काहीतरी हळू आवाजात सांगितलं. शाळेतल्या मास्तरणीसारखं बोटांवर तीनपर्यंत मोजून दाखवलं. त्याने मान डोलावली. मग तो टेबलापाशी आला, बॅगेतून ती दोन पानं काढली आणि बसायच्या ऐवजी उभाच राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "कंपनीची हरकत नाही. जुन्या तारखेपासून लागू धरू. ही तुमच्या राज्याची पुरवणी. हवी का तुम्हाला?"

ओरिन खुर्चीत मागे रेलला. दोन नकारांना जेवढा वेळ लागतो तेवढा लागणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. व्हर्लिननेही भिंतीला टेकून एक पाय दुमडला.

नको, नको, हे आर्डिसच्या जिभेवर आलंच होतं. पण मिस पेलेग्रिनोंचा हसरा चेहरा तिला आठवला, मनाची मोठी आहेस म्हणतानाचा. कॉनीची सगळी पत्रं आठवली. आणि खोल्यांमधले ते नळ.

"हो," आर्डिस म्हणाली. "हवी."

व्हर्लिनचा दुमडलेला पाय खाली आला. लावॉनबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. गोंधळला तो टार्पली. त्याला तीनदा विचारायला सांगितलं होतं, आणि पहिल्या चुकीनंतर तो आता काही कमी ठेवणार नव्हता.

"घ्या ना, मॅडम," तो म्हणाला. "आम्हाला काही त्रास नाही."

आर्डिसचे कान तापले. गावात जन्म काढला, पण असा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. "हो म्हटलं मी," ती म्हणाली.

"नक्की? खरंच घ्या. अगदी मनापासून विचारतोय."

"हवीये," आर्डिस म्हणाली. तिसऱ्यांदा हो म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही. "मला ती तेव्हाही हवी होती. तुम्ही गेल्यावर मी कितीदा त्या दाराकडे बघत बसले. द्या इकडे."

टार्पलीने पेन दिलं. आर्डिसने दोन्ही पानांवर सही केली.

पाटी उतरवायला क्रेन आली त्या दिवशी वारा बोचरा होता. आर्डिस आणि व्हर्लिन पिकअपमध्ये हीटर लावून बसले होते. दीपस्तंभ आडवा होऊन खाली आला. सेल्मरची जुनी पाटी गोदामात होती, ती धुऊन आणून ठेवली होती.

"पहिल्या झटक्यात हो म्हणालीस," व्हर्लिन म्हणाला.

"हं."

"धान्याच्या कोठारावर बोलतायत."

"बोलू देत."

क्रेनवाला पट्टे सोडत होता.

"मी तीनदा विचारलं होतं," व्हर्लिन म्हणाला.

"माहीत आहे."

"तिसऱ्यांदा येणार नव्हतो. वाटलं, हिला लग्न नाहीच करायचं. तुझ्या बापाने खत टाकायचं यंत्र परत न्यायला बोलावलं, म्हणून आलो. यंत्र बांधून झालं आणि तू अंगणात होतीस."

आर्डिसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिला पहिल्यांदा कळत होतं. एका खताच्या यंत्रावर सगळं अडकलेलं होतं. ही माणसं, हे मोटेल, वादळातल्या गाद्या, सगळंच.

"दोन्ही वेळा तू गेल्यावर मी खिडकीत होते," ती म्हणाली. "तुझी गाडी वळेपर्यंत."

"मग सांगायचं की."

"कसं सांगणार?"

व्हर्लिनने सीटमागून थर्मास काढला आणि झाकण फिरवलं.

"कॉफी घेणार?"

"नको," आर्डिस म्हणाली.

तोवर त्याने तिचा कप भरायला घेतलाच होता.